कुलकर्णींनी विचारलं का?

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. शिवणाच्या डब्यात बटणं जमत जातात ना, तसंच ते. कुठल्या शर्टाचं कुठलं हे आठवत नाही, पण एकही टाकवत नाही. माझ्या डब्यातली निम्मी बटणं बंगळूरच्या एका ऑफिसातली आहेत.

ऑफिस कसलं, जयनगरला एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या! नव्वदच्या दशकात तिथे बसून आम्ही चौघं शाळेच्या मुलांसाठी एक डिक्शनरी करत होतो. इंग्रजी शब्द, त्याच्यापुढे कन्नड, त्याच्यापुढे मराठी. संध्याकाळी घरी गेले की मी नवऱ्याला त्या दिवसाचा किस्सा सांगायची. तो महादेवपुऱ्याकडच्या एका कॉम्प्युटर कंपनीत होता. त्यांच्याकडे किस्से होत नसत, फक्त डेडलाइन असे. सगळं ऐकून झालं की तो न चुकता विचारायचा, "मंजू, हे ठीक आहे. पण तुम्ही लोक काम कधी करता?"

"अरे, हेच तर काम!" मी म्हणायची. आणि ते अगदी खरं होतं.

*

आमचे मुख्य संपादक म्हणजे मेष्ट्रू. कन्नडमध्ये मास्तरांना मेष्ट्रू म्हणतात, आणि सगळा ब्लॉक त्यांना त्याच नावानं ओळखायचा. घरची भाषा कन्नड, पण अर्धी नोकरी सोलापूरच्या शाळेत झालेली, त्यामुळे मराठी खणखणीत. फक्त गडबडले की कन्नडमध्ये शिरायचे.

मी पुण्याहून एम.ए. करून, लग्न करून नुकतीच आले होते. इंटरव्ह्यूला गेले तर मेष्ट्रूंनी एकच शब्द टाकला. 'आस्क'.

मला वाटलं, एवढंच? मी सुरू केलं, "विचारणे, प्रश्न करणे, पृच्छा करणे..."

"पृच्छा?" त्यांनी मला मध्येच थांबवलं. "तुमच्याकडे कुणी केली?"

"म्हणजे?"

"बसमध्ये, बाजारात, घरी. आजवर कुणी माणूस येऊन तुमच्याकडे पृच्छा करून गेला?"

"नाही..."

"मग पृच्छा करणारा माणूस घेऊन या. तो आला की लिहू."

नोकरी गेली असं समजून मी पर्स उचलली. मेष्ट्रू म्हणाले, "सोमवारी दहाला या. आणि येताना कान उघडे ठेवून या."

ऑफिसचा नियमच होता तो. कुठलाही अर्थ कुणा जित्या माणसानं, स्वतःच्या गरजेसाठी बोललेला, आपण आपल्या कानांनी ऐकला पाहिजे. जुन्या कोशातून उचललेलं चालायचं नाही. रोज सकाळी प्रत्येकानं काल काय ऐकलं ते सांगायचं, मग मेष्ट्रू 'हं' म्हणायचे किंवा 'हॅट' म्हणायचे. त्यावर डिक्शनरी पुढे सरकायची किंवा अडायची. बहुतेक वेळा अडायचीच.

*

'बेग' म्हणजे विनवणे. हे मला एसटीडी बूथमध्ये मिळालं.

मी पुण्याला आईला फोन लावायला रांगेत उभी होते. आतल्या काचेच्या खोलीत एक मुलगा, आपल्याकडचाच, एका हातानं रिसीव्हर आणि दुसऱ्या हातानं कपाळ धरून उभा. वर बिलाचे लाल आकडे पळत होते, आणि तो म्हणत होता, "अगं, बोल ना काहीतरी! शिव्या दे हवं तर! पण बोल, पाया पडतो!"

दुसऱ्या दिवशी मी विजयी मुद्रेनं ते ऑफिसात सादर केलं. मेष्ट्रू खूश झाले. 'हं' म्हणाले, लिहूनही घेतलं. मग चष्मा काढून विचारलं, "मग? ती बोलली का?"

"ते नाही कळलं. माझा नंबर लागला."

"अर्धवट काम!" मेष्ट्रू म्हणाले आणि पूर्ण दिवस माझ्याशी तुटक वागले.

*

आता कुलकर्णी. ह्या गृहस्थांशिवाय माझा एकही किस्सा पुरा होत नाही.

कुलकर्णी निपाणीचे. मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच ताटात जेवलेले. वय चाळिशीपुढे, लग्न झालेलं नव्हतं, जवळच एका गच्चीवरच्या खोलीत एकटे राहायचे. शब्दांचं ज्ञान अफाट. पण एक अडचण होती. हा माणूस कुणालाही काहीही विचारायचा नाही आणि कुणाकडे काहीही मागायचा नाही.

ते बंगळूरला पहिल्यांदा आले तेव्हाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. मॅजेस्टिकच्या स्टँडवर उतरले, जयनगरला यायचं होतं. समोर बस उभी होती, चढले. कंडक्टर आला. बस कुठे जाते हे त्याला विचारावं, तर तो घाईत दिसला. म्हणून ह्यांनी नुसतं "लास्ट स्टॉप" म्हणून तिकीट घेतलं. बस निघाली, गाव संपलं, शेतं लागली, कारखाने लागले आणि लास्ट स्टॉप आला. होसकोटे!

"मग उतरलात?" मी विचारलं.

"नाही. तीच बस परत येणार होती की."

"पण शेजारच्या माणसाला तरी विचारायचं!"

"झोपला होता."

"तासभर?"

"मधे एकदा उठला होता," कुलकर्णी प्रामाणिकपणे म्हणाले. "पण दमलेला वाटला."

आणि मेष्ट्रूंनी ह्याच माणसाला करायला दिला होता 'आस्क'! आठवड्याभराचं काम. ते दिवाळीच्या आसपास सुरू झालं आणि गुढीपाडवा जवळ आला तरी संपलं नव्हतं.

*

'आस्क'च्या पहिल्याच आठवड्यातली ही गोष्ट. ती सांगायची तर आधी माझी फजिती सांगावी लागेल.

आमच्या घरमालकांच्या आई सकाळी जिन्यात भेटायच्या आणि म्हणायच्या, "ऊटा आयता?" म्हणजे, जेवण झालं का? सकाळी साडेनऊला! मी पुण्याची. प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायचं, हे आमच्या रक्तातच. मी सांगितलं, "नाही अजून." बाईंनी मला हाताला धरून आत नेलं आणि चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, वाढलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी मागच्या जिन्यानं पळाले.

ऑफिसात सगळे हसले. मेष्ट्रू म्हणाले, "अहो, इथे सगळेच तसं विचारतात. 'झालं' म्हणायचं आणि पुढे जायचं."

"मग विचारतात कशाला?" मी वैतागून म्हटलं.

कुलकर्णी खिडकीपाशी होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "काही प्रश्न उत्तरासाठी नसतात, मंजूताई. तुम्ही आहात, एवढंच बघायचं असतं. माझ्या खोलीच्या जिन्यात कुणी विचारत नाही, म्हणून मला ते कळतं."

ते हे अगदी सहज बोलले. पण खोलीतलं हसू थांबलं. मलाही माझ्या मागच्या जिन्याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. कुलकर्णी दहा वाजता दारातून आत आले की आमच्या ऑफिसातल्या शारदाक्का हातातल्या प्रुफावरची नजर न उचलता विचारायच्या, "जेवण झालं?"

"झालं की," कुलकर्णी म्हणायचे.

हे फक्त त्यांनाच. मी आणि मेष्ट्रू उपाशी मेलो असतो तरी चाललं असतं!

*

शारदाक्का म्हणजे आमच्यातल्या चौथ्या. बंगळूरच्याच. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आले ते राहिलेच. घरात मराठी, पण तिच्यात निम्मं कन्नड विरघळलेलं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला. मूलबाळ नाही. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. सासू आणि त्या, दोघीच राहायच्या. सासूला त्या कन्नड पद्धतीनं अत्ते म्हणायच्या, म्हणून आम्हीही सगळे अत्तेच म्हणायला लागलो.

रोज चार वाजता शारदाक्का आणि कुलकर्णी खाली समोरच्या हॉटेलात कॉफी प्यायला जायचे. उभ्या उभ्या खायचं हॉटेल, इथे दर्शिनी म्हणतात. तिथे बाय टू मिळते, म्हणजे एक कॉफी दोन ग्लासांत निम्मी निम्मी. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या माणसानं ह्या दोघांना एकत्र बघून "बाय टू?" असं विचारलं, कुलकर्णींनी मान डोलावली, आणि मग तीच प्रथा पडली. तीन वर्षं!

एकदा कुलकर्णी माझ्याजवळ बोलून गेले की त्यांना कॉफी मुळीच आवडत नाही. निपाणीचा माणूस, चहावर वाढलेला. कॉफीनं रोज त्यांना पित्त व्हायचं.

मला राहवेना. मी शारदाक्कांना गाठून सांगितलं, "अहो अक्का, त्यांना चहा लागतो!"

"म्हाईत आहे," शारदाक्का शांतपणे म्हणाल्या.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. कापी पिताना त्यांचं तोंड बघितलं नाहीस तू."

"मग तुम्ही चहा का नाही मागवत?"

"ते मागू देत की." त्यांनी पदर खोचला. "चहा पाहिजे, एवढं बोलायला माणसाला तीन वर्षं लागत असतील, तर पुढचं कधी बोलणार? ते मागेपर्यंत मी कापीच पाजणार. सरी?"

मी काय बोलणार! मीही 'सरी' म्हटलं, म्हणजे ठीक आहे.

*

संक्रांतीला अत्तेंनी सगळ्या ऑफिसला जेवायला बोलावलं. 'आस्क'चा आणखी एक अर्थ, 'जेवायला बोलावणे', असा पदरात पडला.

अत्ते म्हणजे काटकुळ्या, सरळ पाठीच्या, आणि प्रश्न विचारण्यात कुलकर्णींच्या बरोबर उलट्या. आम्ही चपला काढतोय तोवर मेष्ट्रूंना पेन्शन किती ते विचारून झालं. मला, पाळणा कधी हलणार ते. मग त्या कुलकर्णींच्या समोर बसल्या.

"दात तुमचेच का?"

"माझेच."

"बीपी?"

"नाही."

"रात्री घोरता?"

"एकटा असतो. कोण सांगणार?" कुलकर्णी म्हणाले. अत्तेंनी ते उत्तर मनात जपून ठेवल्यासारखी मान हलवली.

पानं वाढली. हुग्गी होती, म्हणजे मूगडाळीची खिचडी, आणि मिरचीची भजी. कुलकर्णींना एक भजं भलतंच तिखट लागलं. चेहरा लाल, डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम. तांब्या होता मेष्ट्रूंच्या पलीकडे. हात पोचत नव्हता. नुसतं 'पाणी' म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते बोलले नाहीत. भाताचे घास कोंबत राहिले.

अत्ते बघत होत्या. शेवटी उठल्या, तांब्या उचलला आणि त्यांच्या पानाशी आपटून ठेवला.

"हा माणूस तहानेनं मरेल," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पण पाणी मागायचा नाही."

आम्ही हसलो. अत्ते हसल्या नाहीत.

"माझा मुलगा असाच होता. छातीत दुखायला लागलं. शेजाऱ्यांची गाडी दारात होती. मागायची होती, बस्स. पहाटे पहाटे कुणाला कशाला उठवायचं म्हणाला. बसून राहिला."

 शारदाक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ तूप शोधत राहिल्या. कुलकर्णी पाणी प्यायले, सगळा तांब्या.

निघताना मी शारदाक्कांना बाजूला घेऊन स्पष्टच विचारलं, "ते नाही बोलत, तर तुम्ही बोला ना! आता काळ बदललाय."

"मी बोलले तर अत्तेंना सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि सांगितलं की अत्ते लगेच हो म्हणतील. एकट्या पडतील, पण हो म्हणतील. त्यांना ते म्हणायला लावणारी मी कोण? आधीच एकदा घर रिकामं झालंय त्यांचं."

मी घरी जाऊन नवऱ्याला हा किस्सा सांगितला नाही. तो किस्सा वाटलाच नाही मला.

*

फेब्रुवारी संपत आला. 'आस्क'चे बाकी सगळे अर्थ झाले होते. विचारणे, मागणे, बोलावणे, एखाद्याला 'असं कर' म्हणून सांगणे, जाब विचारणे. जाब तर खालच्या दुकानदाराच्या बायकोनं इतका जोरात विचारला होता की आम्हाला जिनाही उतरावा लागला नाही! राहिला होता एकच. लग्नासाठी मागणी घालणे.

"ऐकलंय कुणी?" मेष्ट्रूंनी विचारलं.

"माझ्या लग्नात घातली होती ना," मी म्हटलं.

"तुम्ही ऐकली?"

"नाही. मी आत पोहे परतत होते."

"हॅट!" मेष्ट्रू म्हणाले. त्यांचा स्वतःचा अनुभवही कामाचा नव्हता. आपलं लग्न ठरल्याचं घरात सगळ्यांत शेवटी त्यांनाच कळलं होतं.

शारदाक्का प्रुफातली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होत्या. कुलकर्णी पेन्सिलीला टोक करत होते. टोक कधीच झालं होतं.

तेवढ्यात खालून हाक आली, कुलकर्णींचा फोन. ते गेले आणि वर आले ते पडक्या चेहऱ्यानं. बेळगावहून भावाचा होता. तिथल्या एका शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती, भावानं शब्द टाकला होता. पाडव्याच्या आत कळवायचं होतं. पक्की नोकरी, राहायला भावाचं घर.

"जाणार?" मेष्ट्रूंनी विचारलं.

"बघतो," कुलकर्णी म्हणाले, आणि कुणाकडेच बघितलं नाही.

मेष्ट्रू उठून त्यांच्याजवळ गेले. हळू आवाजात बोलले, पण दोन खोल्यांच्या ऑफिसात हळू म्हणजे किती हळू! "कुलकर्णी, माझा नियम ऐकायचा आहे. बोलायला मी कुणाला बंदी केलेली नाही."

*

त्या शनिवारी ते दोघं चार वाजता दर्शिनीत गेले ते साडेचार झाले तरी आले नाहीत. बाय टूला अर्धा तास! मी आणि मेष्ट्रू गॅलरीत. मेष्ट्रूंनी वाचायचा चष्मा काढून लांबचा लावला.

ग्लास रिकामे झालेले दिसत होते. कुलकर्णी काहीतरी बोलले. शारदाक्कांनी मान हलवली. कुलकर्णी पुन्हा बोलले. शारदाक्का हसल्या, मग हसणं थांबलं आणि त्या रस्त्याकडे बघायला लागल्या.

"विचारलं!" मेष्ट्रूंनी माझं मनगट धरलं. "नक्की विचारलं!"

दोघं वर आले. शारदाक्का सरळ आतल्या खोलीत गेल्या. मेष्ट्रूंना धीर निघेना. "विचारलंत?"

"विचारलं," कुलकर्णी म्हणाले.

"काय विचारलंत?"

"साखर पुरेशी आहे का."

मेष्ट्रू कन्नडमध्ये गेले. काय बोलले ते मला सगळं समजलं नाही, आणि त्यातलं एकही डिक्शनरीत घेता आलं नसतं.

मला मात्र कुलकर्णींचा राग आला आणि रागाच्या खाली भयंकर वाईट वाटलं. ह्या माणसाला नकाराची भीती नव्हती. आपल्यामुळे कुणालातरी उठावं लागेल, सरकावं लागेल, कुणाचीतरी गैरसोय होईल, एवढीच भीती होती. शारदाक्कांचंही तेच. दोघं एकमेकांना जागा देण्यात आयुष्य संपवणार होती.

*

सोमवारी साडेदहाच्या सुमाराला खाली रिक्षा थांबली. जिन्यावर पावलं वाजली, एक पायरी, मग थांबणं, मग एक पायरी. दारात अत्ते! अंगावर जरीकाठी साडी, हातात पितळी तबक, त्यात नारळ, विड्याची पानं, हळदीकुंकवाची कोयरी.

"अत्ते, काय झालं?" शारदाक्का घाबरून उठल्या.

अत्तेंनी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मेष्ट्रूंची गडबड उडाली. "कूत्कोळ्ळी, कूत्कोळ्ळी," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. अत्ते बसल्या नाहीत.

"ह्यांचं वडीलधारं कोण?" त्यांनी कुलकर्णींकडे बोट केलं.

"आईवडील नाहीत," मी म्हटलं. "भाऊ आहे, बेळगावला."

"इथं कोण?"

आम्ही सगळे मेष्ट्रूंकडे बघायला लागलो. मेष्ट्रूंनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मी," ते म्हणाले.

"सरी." आता अत्ते बसल्या. तबक टेबलावर, 'आस्क'च्या कागदांवरच ठेवलं. "विधवा बाईनं ह्या तबकाला हात लावायचा नसतो, असं लोक म्हणतात. आज लावला. आमच्यात दुसरं कुणी मोठं नाही, मग मीच आले. मी मुलीकडची. आमची मुलगी आहे, शारदा. शिकलेली आहे, तुम्ही बघितलेली आहे. स्वल्प हट्टी आहे. तुमच्या मुलासाठी मागणी घालायला आले आहे."

"अत्ते!" शारदाक्कांच्या हातातलं प्रूफ खाली पडलं.

"तू गप्प. मोठी माणसं बोलतात तेव्हा मुलीनं मधे बोलायचं नसतं."

 मेष्ट्रू माझ्याकडे वळले. "ऐकलंत?"

"ऐकलं, सर."

"मीही ऐकलं," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला घेतला.

अत्ते कुलकर्णींकडे वळल्या. "आता तुम्ही. बेळगावच्या नोकरीचं शारदा बोलली घरी. तिकडे नेणार असाल तर खुशाल न्या. माझं काय, मी आहे तिथं आहे. शेजारी चांगले आहेत." आवाज पक्का होता, पण बोटं साडीच्या काठाला घट्ट धरून होती. "माझ्या मुलानं कधी तोंड उघडून काही मागितलं नाही, म्हणून मी मागायला आले. तुम्हाला काय विचारायचं असेल ते आत्ता विचारा. मनात ठेवून घरी जायचं नाही."

कुलकर्णी उभे होते. खालच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन ऐकू येत होतं. त्यांनी एकदा तबकाकडे बघितलं, एकदा दाराकडे. मला वाटलं, चालला हा माणूस होसकोट्याला.

मग ते शारदाक्कांकडे वळले.

"शारदाबाई, मला कॉफी आवडत नाही."

"म्हाईत आहे," शारदाक्का म्हणाल्या. त्या रडत होत्या.

कुलकर्णी अत्तेंच्या समोर आले, खाली वाकले आणि त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसले.

"अत्ते," ते म्हणाले, "तुमच्या घरी मला रोज सकाळी चहा मिळेल का?"

अत्तेंनी साडीचा काठ सोडला.

"पूड नाही घरात," त्या म्हणाल्या. "येताना घेऊन या."